खेळ रचणारेच परीक्षक : गेम जॅम आणि परस्पर-समीक्षेचा इतिहास

#थ्रेड

१/ एखादी कलाकृती चांगली की सामान्य, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? राजाश्रयाच्या काळात तो आश्रयदात्याकडे होता, मुद्रणयुगात संपादक आणि समीक्षकांकडे आला, बाजारपेठेच्या युगात ग्राहकाकडे गेला. संगणकीय खेळांच्या जगात २००२ सालापासून याहून वेगळी एक व्यवस्था आकाराला आली. तिथे खेळ रचणारा प्रत्येक जण इतरांच्या खेळांचा परीक्षकही असतो. या व्यवस्थेचे नाव गेम जॅम. तिचा इतिहास दोन दशकांहून थोडाच मोठा असला, तरी त्यातले प्रश्न फार जुने आहेत.

२/ आधी संज्ञा स्पष्ट करू. ठरावीक मुदतीत, बहुधा ४८ किंवा ७२ तासांत, दिलेल्या विषयावर एक संपूर्ण, खेळता येईल असा गेम तयार करणे म्हणजे गेम जॅम. 'जॅम' हा शब्द संगीतातून आला. जॅझचे वादक पूर्वतयारीविना एकत्र जमून जे उत्स्फूर्त वादन करतात, त्याला जॅम सेशन म्हणतात. आपल्याकडच्या खासगी बैठकीशी त्याचे नाते सांगता येईल: समोर श्रोते नसले तरी चालते, पण ऐकणारा साथीदार जाणकार हवा.

३/ ही कल्पना २००२ च्या सुमारासच का रुजली? त्या काळी मोठ्या कंपन्यांचे गेम तयार व्हायला कित्येक महिने, कधी वर्षे लागत. डझनावारी माणसे राबत आणि खर्च लाखो डॉलरांत जाई. खेळ डबाबंद होऊन दुकानांच्या फळ्यांवर पोहोचत असे, आणि त्या फळीवरची जागा प्रकाशकांच्या हाती होती. एवढा पैसा पणाला लागला की धाडस कमी होते. त्यामुळे यशस्वी खेळांचे पुढचे भाग निघत राहिले. नव्या कल्पनांची चाचणी घेण्याची जागा उद्योगात उरली नव्हती.

४/ अशा जागेचे एक उदाहरण मात्र युरोपात आधीपासून होते. १९८० च्या दशकात तिथल्या तरुण प्रोग्रामरांनी 'डेमोसीन' नावाची संस्कृती घडवली. संगणकाची क्षमता पणाला लावून दृश्य-संगीताच्या छोट्या रचना करायच्या आणि मेळाव्यात त्या सर्वांसमोर सादर करायच्या. फिनलंडमधला 'असेंब्ली' हा मेळावा १९९२ पासून भरतो. स्पर्धेला तिथे 'कॉम्पो' म्हणत आणि निकाल जमलेल्या लोकांच्या मतांवर ठरे. २०२० साली फिनलंडने डेमोसीनला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले.

५/ मार्च २००२. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे क्रिस हेकर आणि शॉन बॅरेट यांच्या पुढाकाराने 'इंडी गेम जॅम' भरला. १४ प्रोग्रामर चार दिवस एकत्र बसले. सर्वांना एकच तयार इंजिन देण्यात आले. पडद्यावर एकाच वेळी १ लाख लहान आकृत्या हलत्या ठेवणे, ही त्याची खासियत. एवढी गर्दी पडद्यावर मावते, तर तिच्यातून कोणता खेळ निघेल, एवढाच प्रश्न होता. चार दिवसांत १२ गेम तयार झाले.

६/ हे गेम त्याच वर्षीच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये दाखवले गेले आणि 'जॅम' हा शब्द या क्षेत्रात रुळला. तरीही हा प्रयोग निमंत्रितांचा होता. त्यातले लोक अनुभवी होते, एकमेकांना ओळखत होते आणि आपले काम दाखवायला त्यांच्यापाशी व्यासपीठही होते. ज्याला कोणी ओळखत नाही, जो आपल्या खोलीत एकटाच खेळ रचतो, त्याचे काय? त्याचे उत्तर दुसऱ्या एका आरंभातून मिळाले.

७/ एप्रिल २००२ मध्ये जेफ हाउलंड यांनी इंटरनेटवर एक खुली स्पर्धा जाहीर केली: 'लुडम डेअर'. लॅटिनमध्ये 'लुडम' म्हणजे खेळ आणि 'डारे' म्हणजे देणे. 'खेळ देणे', असा त्याचा अर्थ. इंग्रजी वाचकाला मात्र त्यात 'डेअर', म्हणजे आव्हान, ऐकू येते. नावातला हा श्लेष पुढच्या साऱ्या इतिहासाला लागू पडला. इथे आव्हान असते आणि देवघेवही असते. पहिली स्पर्धा २४ तासांची होती. मुदत अपुरी पडते हे लक्षात आल्यावर ती ४८ तासांची झाली. पुढे माईक कॅस्प्रझॅक यांनी दीर्घकाळ तिची धुरा वाहिली.

८/ लुडम डेअरच्या मुख्य विभागाचे नाव 'कॉम्पो'. डेमोसीनचा शब्द इथेही भेटतो. नियम कडक होते: गेम एकट्याने करायचा, संपूर्ण कोड, चित्रे आणि ध्वनी त्या ४८ तासांतच तयार करायचे आणि शेवटी सोर्स कोडही सर्वांसाठी खुला ठेवायचा. कालांतराने संघांसाठी ७२ तासांचा सैल नियमांचा 'जॅम' विभाग जोडला गेला. रोख बक्षीस कोणत्याच विभागात नव्हते. तयार झालेला खेळ आणि त्यावरचा संपूर्ण हक्क, हेच बक्षीस.

९/ विषयही सहभागी लोकच सुचवत आणि मतदानाच्या फेऱ्यांतून निवडत. अंतिम विषय घड्याळाच्या ठोक्याला जाहीर होई. अमेरिकेत तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ किंवा रात्र असे, भारतात शनिवारची सकाळ उजाडलेली असे. 'एकटा', 'दहा सेकंद', 'पृष्ठभागाखाली', 'उत्क्रांती' अशा एक-दोन शब्दांच्या विषयांवर जगभरचे लोक एकाच वेळी विचार करू लागत. रविवारी मुदत संपे. बहुतेक स्पर्धा इथे संपल्या असत्या. लुडम डेअरची खरी कसोटी मात्र इथून सुरू होई.

१०/ मुदतीनंतर सुमारे तीन आठवडे परीक्षणाचा काळ चाले. परीक्षक मंडळ नेमलेले नसे. ज्याने स्वतः गेम सादर केला, त्यालाच इतरांना गुण देण्याचा अधिकार. या एका नियमाचे परिणाम दूरगामी ठरले. ४८ तासांत काय साधते आणि काय निसटते, हे ज्याने नुकतेच अनुभवले आहे, तोच दुसऱ्याचे काम जोखणार. अपुऱ्या झोपेची खूण त्याच्या डोळ्यांवर अजून असे. बाहेरच्या समीक्षकाला जी उणीव वाटेल, त्यामागची निवड या परीक्षकाला ओळखू येई.

११/ एकच गुण देऊन काम संपत नसे. एकूण परिणाम, नावीन्य, रंजकता, विषयाशी सुसंगती, चित्रे, ध्वनी, विनोद आणि वातावरण अशा वेगवेगळ्या कसोट्यांवर स्वतंत्र गुण द्यायचे असत. या वर्गवारीने समीक्षेला शिस्त लावली. 'मला आवडले नाही' एवढे म्हणणे पुरेसे राहिले नाही. काठ्यांची माणसे काढणाऱ्याची चित्रे कच्ची, पण कल्पना अव्वल, असा निवाडा शक्य झाला. कोणी विनोदात वरच्या क्रमांकावर येई आणि चित्रांत तळाशी.

१२/ डिसेंबर २०११ मधला प्रसंग या समतेची साक्ष देतो. 'माइनक्राफ्ट'ची पूर्ण आवृत्ती नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाली होती आणि तिचे निर्माते मार्कस पेर्सन, अर्थात 'नॉच', जगप्रसिद्ध झाले होते. पुढच्याच महिन्यात ते २२व्या लुडम डेअरमध्ये 'एकटा' या विषयावर उतरले आणि ४८ तासांत 'मिनीक्राफ्ट' रचला. कीर्ती कितीही असो, नियम तेच, मुदत तीच आणि बक्षीस शून्य.

१३/ मात्र समतेला एक मोठा अडथळा होता: लक्ष. हजार गेम सादर झाले, तर ते सगळे कोण खेळणार? लोक साहजिकच प्रसिद्ध नावांकडे किंवा आकर्षक चित्रांकडे वळणार. अनोळखी माणसाचा खेळ तीन आठवडे कोणी न उघडताच पडून राहणार. खेळ रचण्याचे स्वातंत्र्य सर्वांना मिळाले, पण खेळला जाण्याची हमी कोणालाच नव्हती. प्रत्येक खुल्या व्यासपीठापुढे आज उभा असलेला हा पेच या समुदायाला फार लवकर भेटला.

१४/ त्यावरचा उपाय साधा आणि चतुर होता. जो इतरांचे अधिक गेम खेळून गुण देईल, त्याचा स्वतःचा गेम यादीत वर येईल. या मापाला त्यांनी गमतीने 'कूलनेस' असे नाव दिले. निकालांमध्ये चित्रे आणि ध्वनी यांच्या जोडीला सर्वाधिक कूलनेस मिळवणाऱ्यांचीही क्रमवारी झळकू लागली. उत्तम वाचकाचा सन्मान लेखकाच्या बरोबरीने करणारी साहित्यस्पर्धा कल्पून पाहा, म्हणजे यातले वेगळेपण ध्यानात येईल.

१५/ पुढच्या काळात आणखी एक नियम पक्का झाला. किमान ठरावीक संख्येने गुण मिळाल्याशिवाय गेमला क्रमांक मिळणार नाही. त्यामुळे मुदत संपत आली तरी ज्यांना पुरेसे परीक्षक लाभलेले नाहीत, अशा गेमची वेगळी यादी दिसू लागली. तिचे नाव 'डेंजर'. आपल्या गेमची चिंता मिटल्यावरही काही जण अखेरच्या दिवसांत या यादीतले गेम उघडत राहत. न खेळला गेलेला गेम ही समुदायाची नामुष्की आहे, ही भावना त्यातून तयार झाली.

१६/ हे परीक्षक लिहीत तरी काय? मुख्यतः पहिल्या काही मिनिटांविषयी. कोणती कळ दाबायची ते कळले का? पहिला अडथळा ओलांडता आला का? हरल्यावर पुन्हा सुरुवातीपासून खेळावेसे वाटले का? आवाज बंद करण्याची सोय होती का? या टिपा वरवर क्षुल्लक वाटतात. पण ज्याला शेकडो गेम पाहायचे आहेत, तो परीक्षक एका गेमला मोजकी मिनिटेच देऊ शकतो. ती मिनिटे कुठे वाया गेली, हे त्याच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही.

१७/ खेळ रचणाऱ्याला ही माहिती स्वतःहून मिळतच नाही. दोन दिवसांत त्याने तीच उडी शेकडो वेळा मारलेली असते. बोटांना सवय झालेली असते, म्हणून अवघड पातळी त्याला सोपी भासते. जॅममधल्या गेमवर 'फार कठीण' हा आक्षेप वारंवार येतो, तो याच कारणाने. स्वतःच्या लेखनातली चूक स्वतःला दिसत नाही, हा मुद्रितशोधकांचा जुना अनुभव इथे नव्या रूपात भेटतो. दुसऱ्याचा डोळा ही कारागिरीची गरज ठरते.

१८/ या व्यवस्थेचे दोषही आरंभापासून होते. 'छान गेम, माझाही खेळून पाहा' अशा एका ओळीच्या शेऱ्यांनी पाने भरत. देवघेव असली की भिडस्तपणा येतो. आज कठोर लिहिले तर उद्या आपल्यावर तसेच येईल, ही धास्तीही असते. म्हणून प्रामाणिक शेऱ्याचा एक साचा हळूहळू रुळला: काय जमले ते आधी, कुठे अडखळलो ते नंतर, आणि काय करता येईल ते शेवटी. सौजन्य आणि सत्य यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न होता.

१९/ परीक्षणाला आत्मपरीक्षणाची जोड मिळाली ती 'पोस्टमॉर्टेम'मुळे. काय साधले आणि काय फसले, याचा निर्मात्यानेच लिहिलेला जाहीर हिशेब म्हणजे पोस्टमॉर्टेम. 'गेम डेव्हलपर' या व्यावसायिक मासिकाने हा लेखनप्रकार लोकप्रिय केला होता. जॅमच्या समुदायाने तो आपलासा केला. पहिल्या दिवशी किती तास चित्रांत गेले, कोणती कल्पना मध्यरात्री टाकून दिली, शेवटच्या तासात काय बिघडले, हे मोकळेपणाने लिहिले जाऊ लागले. अपयश लपवण्याऐवजी त्याची नोंद ठेवणारी संस्कृती इतिहासात विरळच.

२०/ याच सुमारास विद्यापीठांतही अशी हालचाल सुरू झाली. २००५ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील काइल गॅबलर, काइल ग्रे, मॅट कुचिच आणि शालिन शोधन या चार विद्यार्थ्यांनी 'एक्स्पेरिमेंटल गेमप्ले प्रोजेक्ट' हाती घेतला. प्रत्येक गेम सात दिवसांच्या आत आणि एकट्याने करायचा, विषय सामायिक ठेवायचा. एका सत्रात ५० हून अधिक गेम तयार झाले. त्यातल्या 'टॉवर ऑफ गू' मधून २००८ साली 'वर्ल्ड ऑफ गू' हा नावाजलेला गेम जन्मला.

२१/ २००६ मध्ये कोपनहेगनला 'नॉर्डिक गेम जॅम' सुरू झाला. त्यापासून प्रेरणा घेत ३० जानेवारी ते १ फेब्रुवारी २००९ या दिवसांत पहिला 'ग्लोबल गेम जॅम' भरला. सुझन गोल्ड, इयान श्रायबर आणि गोर्म लाय हे त्याचे संस्थापक. २३ देशांतील ५३ ठिकाणी सुमारे १,६५० लोक एकत्र आले आणि ३७० गेम तयार झाले. इथे लोक प्रत्यक्ष एका छताखाली जमत. ज्या देशात सूर्य आधी उगवतो तिथे जॅम आधी सुरू होई, म्हणून विषय गुप्त राखण्याची जबाबदारी सर्वांवर असे.

२२/ ग्लोबल गेम जॅमने जाणीवपूर्वक वेगळी वाट धरली. जागतिक पातळीवर गुण नाहीत, क्रमांक नाहीत. शेवटी प्रत्येक ठिकाणी सादरीकरण होते आणि लोक एकमेकांचे गेम खेळतात. दोन भूमिका इथे समोरासमोर येतात. लुडम डेअर म्हणते, मोजमापाशिवाय शिकणे अवघड. ग्लोबल गेम जॅम म्हणतो, मोजमाप आले की नवखा माणूस बुजतो. दोन्हींत तथ्य आहे. मात्र दुसऱ्याचा खेळ मन लावून खेळणे दोन्हीकडे अनिवार्य आहे.

२३/ या प्रयोगशाळांतून जे बाहेर पडले, ते आता खेळांच्या इतिहासाचा भाग आहे. जानेवारी २०१३ च्या ग्लोबल गेम जॅमचा विषय शब्दात नव्हताच. हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवण्यात आला. लंडनमधील बॉसा स्टुडिओजच्या चौघांनी त्यावर शस्त्रक्रियेचा एक धमाल गेम रचला. हाताची पाच बोटे वेगवेगळ्या कळांनी हलवायची, म्हणजे साधी पकडही संकट होऊन बसे. एप्रिलमध्ये तो 'सर्जन सिम्युलेटर २०१३' या नावाने विक्रीस आला.

२४/ त्याच वर्षी 'सेव्हन डे एफपीएस' या जॅममध्ये पोलंडमधल्या एका गटाने असा गेम केला, की खेळाडू हलतो तेव्हाच काळ पुढे सरकतो. तो 'सुपरहॉट' २०१६ मध्ये पूर्ण रूपात आला. फिनलंडचे आर्वी तेइकारी यांनी २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये 'बाबा इज यू' सादर केला. त्यात खेळाचे नियम म्हणजे पडद्यावरचे शब्द, आणि ते ढकलून नियमच बदलता येतात. तिथे तो विजेता ठरला आणि मार्च २०१९ मध्ये पूर्ण गेम आला.

२५/ अधिक बोलके उदाहरण 'हॉलो नाइट'चे. ऑगस्ट २०१३ मध्ये 'दहा सेकंद' या विषयावर ऑस्ट्रेलियातील ॲरी गिब्सन आणि विल्यम पेलेन यांनी 'हंग्री नाइट' हा छोटा गेम केला. खुद्द निर्मात्यांच्या मते तो फारसा चांगला नव्हता. पुढे 'पृष्ठभागाखाली' या विषयाच्या जॅमची मुदत त्यांच्या हातून निसटली. पण पहिल्यातला नायक आणि दुसऱ्यातली जमिनीखालच्या जगाची कल्पना त्यांनी सोडली नाही. २०१७ साली 'हॉलो नाइट' आला आणि दशकातल्या महत्त्वाच्या गेममध्ये गणला गेला.

२६/ डॅनियल मुलिन्स यांनी डिसेंबर २०१८ च्या लुडम डेअरमध्ये बलिदानाच्या विषयावर पत्त्यांचा एक भयगूढ गेम केला होता. त्यातूनच २०२१ चा 'इन्स्क्रिप्शन' घडला आणि २०२२ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे. यशोगाथा मोजणे सोपे असते. जॅममधल्या बहुसंख्य गेमचे पुढे काहीच झाले नाही. जॅमचे माप केवळ गाजलेल्या नावांनी घेतले, तर हजारो लोकांनी तिथे काय मिळवले, ते नजरेआड होते.

२७/ स्पर्धेला तमाशाचे रूप दिले की काय होते, तेही इतिहासात नोंदलेले आहे. मार्च २०१४ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये एका शीतपेयाच्या प्रायोजकत्वाने गेम जॅमवर रिॲलिटी शो चित्रित होत होता. सहभागींमध्ये वैर पेटवण्याचे प्रयत्न झाले आणि महिला डेव्हलपरांच्या क्षमतेविषयी अवमानकारक प्रश्न विचारले गेले. डेव्हलपरांनी एकजुटीने काम थांबवले आणि कार्यक्रम बारगळला. एकमेकांचे परीक्षक असलेल्या लोकांना एकमेकांचे शत्रू म्हणून उभे करता आले नाही.

२८/ टीका आतूनही झाली. ४८ तासांचे कौतुक करताना जागरणाचे आणि अतिश्रमाचे उदात्तीकरण होते, हा आक्षेप रास्त आहे. नोकरी, घर आणि लहान मुले सांभाळणाऱ्याला असा सलग शनिवार-रविवार मिळत नाही. परस्पर-परीक्षणालाही स्वतःचा कल असतो. ब्राउझरमध्ये लगेच उघडणारा गेम अधिक लोक खेळतात, डाउनलोड करावा लागणारा मागे पडतो. हळूहळू उलगडणाऱ्या किंवा मजकुराने भरलेल्या खेळाला घाईतला परीक्षक न्याय देत नाही. इंग्रजीबाहेरच्या भाषेतल्या खेळाची वाट तर आणखी बिकट.

२९/ २०१३ साली लीफ कॉर्कोरन यांनी 'इच डॉट आयओ' सुरू केले आणि पुढे तिथे कोणालाही जॅम भरवता येऊ लागला. मोजक्या मित्रांच्या भरघोस गुणांनी क्रमांक मिळू नये, म्हणून तिथे एक सूत्र वापरतात. एखाद्या गेमला मध्यकापेक्षा कमी मते असतील, तर त्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने त्याचे गुण घटतात. मध्यक १६ मतांचा आणि गेमला मते ४, तर गुण थेट निम्मे. लबाडीला आळा बसतो, पण ज्याच्याकडे कोणी फिरकले नाही, तोही यात भरडला जातो.

३०/ एप्रिल २०२०. जग टाळेबंदीत होते आणि ४६व्या लुडम डेअरचा विषय निघाला: 'जिवंत ठेवा'. जवळपास ५ हजार गेम सादर झाले. एवढा पसारा एका माणसाने पाहणे अशक्य. मोठ्या जॅममध्ये प्रत्येक जण आता समुद्रातला एखादाच कोपरा पाहतो. १४ जणांच्या बैठकीत सर्वांनी सर्वांचे पाहिलेले असते. हजारोंच्या मेळ्यात ते नाते टिकवायचे, तर दर वेळी नव्याने नियम शोधावे लागतात. विस्तार आणि आपुलकी यांतली ही ओढाताण अजून सुटलेली नाही.

३१/ आता इतिहासकारापुढचा प्रश्न: हे सारे टिकणार का? सुरुवातीच्या वर्षांतले अनेक जॅम गेम फ्लॅशमध्ये, जावा ॲपलेटमध्ये किंवा युनिटीच्या जुन्या वेब प्लेअरवर चालत. ब्राउझरांनी हे तंत्र एकेक करून बंद केले. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार अधिकृतपणे संपला. 'फ्लॅशपॉइंट' या स्वयंसेवी प्रकल्पाने आणि इंटरनेट आर्काइव्हने पुष्कळ ठेवा वाचवला. तरी जे निर्मात्याने आपल्याच सर्व्हरवर ठेवले होते आणि पुढे पैसे भरले नाहीत, ते वाचवायला हातात काही नसते.

३२/ अशा ठिकाणी गेम नाहीसा होतो, पण त्यावरचे शेरे मात्र उरतात. चार्वाकांचे मूळ ग्रंथ लुप्त झाले आणि त्यांचे विचार आपल्याला बहुतांशी प्रतिपक्षाच्या ग्रंथांतून, 'सर्वदर्शनसंग्रह'सारख्या संकलनांतून कळतात. जॅमच्या शेऱ्यांचे महत्त्व तसेच आहे. 'तिसऱ्या पातळीवरची उडी फार लांब आहे, पण संगीत थांबते तो क्षण विसरता येत नाही', एवढे कोणी लिहून ठेवले असेल, तर हरवलेल्या गेमविषयी आपल्याला बरेच कळते. सहकाऱ्याचा शेरा हे आता प्राथमिक साधन आहे.

३३/ गेम जॅमच्या इतिहासात वेगाची गोष्ट सहज डोळ्यांत भरते. तिच्याखाली लक्ष देण्याची गोष्ट आहे. खेळ रचण्याची साधने स्वस्त झाली, तशी रचनाकारांची संख्या वाढली. अपुरे पडू लागले ते कोणाचे तरी मनापासूनचे दहा मिनिटांचे लक्ष. लुडम डेअरने ते विकत घेतले नाही, समीक्षकांकडे मागितले नाही. आधी दुसऱ्याला द्या, मग तुम्हाला मिळेल, असा नियम केला. 'खेळ देणे' या नावाचा दुसरा अर्धा भाग हाच: दुसऱ्याचा खेळ स्वीकारणे. जो समुदाय हे विसरतो, त्याच्यापाशी खेळांचे ढीग उरतात आणि खेळाडू उरत नाहीत.

(समाप्त)